मुलांच्या हातातला मोबाइल आणि घरातली भीती

दहावीचा निकाल लागला की घरात नवा मोबाइल येतो. काही घरांत तो त्याच्याही आधी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांच्या निमित्ताने आला आणि पुन्हा कपाटात गेलाच नाही. अब्बांचा जुना फोन मोठ्या मुलाकडे, मोठ्याचा धाकट्या बहिणीकडे, अशी त्याची वाटचाल चालू राहते. फोन घेताना किंमत पाहतात, कॅमेरा पाहतात, हप्ता किती बसेल ते विचारतात. पण या फोनवर काही वाईट घडलं तर मूल घरात कोणाला सांगणार, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि घरातही नाही.

आम्ही शाळेत शिकवतो. पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. पहिला, "टीचर, मुलं आमचं ऐकतच नाहीत, तुम्हीच काहीतरी सांगा." दुसरा, "आमच्या घरी मोबाइलला सक्त मनाई आहे." दुसऱ्या घरातल्या पालकांची आम्हाला जास्त काळजी वाटते. त्यांची मुलंही इन्स्टाग्रामवर असतातच, फक्त मैत्रिणीच्या फोनवरून आणि दुसऱ्याच नावाने. अशा मुलावर संकट आलं तर त्याला दोन गोष्टी लपवाव्या लागतात. झालेला प्रकार, आणि मुळात अकाउंट होतं ही गोष्ट. मग ते गप्प बसतं. धमकी देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

हा धंदा कसा चालतो ते नीट समजून घेऊ, कारण पालकांना त्याचा शेवट तेवढा माहीत असतो.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एका मुलीच्या नावाने फॉलो रिक्वेस्ट येते. प्रोफाइलवर चार-पाच फोटो असतात. ओळखीच्या यादीत त्याच्याच वर्गातली दोन-तीन नावं दिसतात. ती मुलंही तिला ओळखत नसतात, त्यांनीही तशीच रिक्वेस्ट घेतलेली असते. पण यादी पाहून याला वाटतं, आपल्याच गावची असेल. गप्पा सुरू होतात. दोन दिवसांत ती म्हणते, इथे नको, व्हॉट्सअॅपवर बोलू, नंबर दे. मग रात्री व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे आधीच तयार केलेला अश्लील व्हिडिओ चालू असतो आणि इकडे मुलाचा चेहरा रेकॉर्ड होत असतो. कॉल मिनिटभराचाही नसतो. पाच मिनिटांनी त्याला दोन गोष्टी येतात, ते रेकॉर्डिंग आणि त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट. यादीत मामू असतात, चुलतभाऊ असतो, मदरशातला सोबती असतो. "दोन हजार टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो."

दोन हजार दिले की पाच मागतात. दिले म्हणजे घाबरला, आणि पैसे आणू शकतो, एवढं त्यांना कळतं. मग दुसऱ्याच नंबरवरून "सायबर सेलमधून बोलतोय" असा फोन येतो, डीपीवर वर्दीतला फोटो असतो. हाही त्याच टोळीतला. खरे पोलीस व्हॉट्सअॅप कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, तडजोडीचे पैसे मागत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही तरतूद भारताच्या कायद्यात नाही. ही गोष्ट मुलांना सांगाच, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा, कारण या नावाखाली निवृत्त माणसांनाही लुबाडलं गेलं आहे.

आपल्याकडे धोका म्हटलं की फक्त मुलींची आठवण होते. वरच्या प्रकारात बहुतेक वेळा मुलगे अडकतात आणि त्यांच्याविषयी घर बेफिकीर असतं. मुलगी रात्री फोन घेऊन बसली तर चार जण विचारतात. मुलगा गच्चीवर दोन वाजेपर्यंत बसला तरी "अभ्यास करत असेल" म्हणून सोडून देतात.

आता त्या धमकीतले शब्द पुन्हा पाहा. तो माणूस "पोलिसांत देतो" असं म्हणत नाही. "तुझ्या अब्बांना पाठवतो, तुझ्या मशिदीच्या ग्रुपवर टाकतो" असं म्हणतो. तुमच्या घराचा पत्ता त्याला माहीत नाही, पण तुमच्या घरातली भीती त्याला ठाऊक आहे. मुलाला घरी सांगायला जितकी जास्त भीती वाटेल, तितके त्याला जास्त पैसे मिळतात. दूर कुठेतरी बसलेला हा अनोळखी माणूस आपल्याच रागाच्या भांडवलावर कमाई करतो.

मुलींच्या बाबतीत गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. तिथे बरेचदा अनोळखी माणूस नसतोच. आधीचा वर्गमित्र असतो, मैत्रिणीचा भाऊ असतो, कधी नात्यातलाच कोणीतरी असतो. फोटो कुठून आला? बहिणीच्या मेहंदीचा स्टेटस, डीपी, शाळेच्या सहलीचा ग्रुप. हल्ली साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून मोबाइलमधल्याच अॅपने नग्न चित्र बनवता येतं. म्हणून "तू असे फोटो काढलेसच कशाला?" हा प्रश्न मुलीला विचारण्याआधी थांबा. तिने तसा फोटो काढलेला नसेल, आणि काढला असेल तरी गुन्हा पसरवणाऱ्याचा आहे.

ज्यांना अजूनही वाटतं की पुरेसं झाकलेलं असलं की मुलगी सुरक्षित, त्यांनी २०२१ आणि २०२२ ची प्रकरणं आठवावीत. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' या नावाने गिटहबवर अॅप बनवून मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावात' मांडले गेले. ते फोटो त्यांच्याच सोशल मीडिया अकाउंटवरून उचललेले होते, अगदी साधे, रोजचे. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, कार्यकर्त्या होत्या. त्यांतल्या कित्येकींनी घरात न बसता स्वतःच्या नावाने तक्रारी दिल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने जानेवारी २०२२ मध्ये ज्यांना अटक केली त्यांत एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता आणि त्याच्याहून लहान एक मुलगी होती. हीसुद्धा कोणाची तरी मुलंच. त्यांच्याही घरी वाटत असेल, लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू आहे.

धमकीचा मेसेज आला तर पहिल्या तासाभरात काय करायचं ते सांगतो. हे वाचून ठेवा, मुलांनाही वाचायला द्या.

पैसे द्यायचे नाहीत. एक रुपयाही नाही. आणि घाबरून चॅट डिलीट करायची नाही. बहुतेक मुलं हेच करतात. अम्मी पाहील म्हणून सगळं पुसून टाकतात आणि त्याबरोबर पुरावाही जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात समोरच्याचं यूजरनेम, मोबाइल नंबर, तारीख-वेळ दिसली पाहिजे, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी दिसला पाहिजे. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण तो नाव बदलतो. हे सगळं झालं की त्या अकाउंटची रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा. मुलाचं स्वतःचं अकाउंट मात्र लगेच बंद करू नका. काही दिवस प्रायव्हेट ठेवा आणि फॉलोअर्सची यादी दिसणार नाही अशी सोय करा.

पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. रात्रीचे अकरा वाजले असतील तरी सकाळची वाट पाहू नका. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. मूल एकटं असेल, घरी सांगायची हिंमत होत नसेल, तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. तो नंबर मोफत आहे.

फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवा आहे. अमेरिकेतली एक बालसुरक्षा संस्था ती चालवते, पण भारतातूनही वापरता येते. फोटो अठरा वर्षांखालच्या वयातला असला पाहिजे. फोटो तिथे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि फक्त तो आकडा पुढे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सामील कंपन्या त्या आकड्यावरून तो फोटो ओळखून काढून टाकतात. अठरा वर्षांवरच्यांसाठी अशीच 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा आहे. व्हॉट्सअॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र यांचा उपयोग होत नाही, हेही माहीत असू द्या.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. मुलगी अल्पवयीन असेल तर तो फोटो 'पुरावा' म्हणून चाचांना, मामूंना, वकिलाला, मोहल्ल्यातल्या नेत्याला फॉरवर्ड करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली अठरा वर्षांखालच्या मुलांची अश्लील चित्रं पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा मजकूर स्वतःजवळ साठवून ठेवण्याबाबतही कडक निकाल दिला आहे. हे आम्ही वर्गातल्या मुलांना मुद्दाम सांगतो, कारण "मी बनवला नाही, फक्त ग्रुपवर आला तो पुढे पाठवला" असं त्यांना अगदी निर्दोष वाटतं. फोन तसाच ठेवून पोलिसांना दाखवा.

पोलीस स्टेशन म्हटलं की आपल्या घरांत सगळ्यांचे चेहरे उतरतात. मुलीला चौकीत घेऊन जायचं? लोक काय म्हणतील? म्हणून पोक्सो कायद्यातलं, म्हणजे बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यातलं, कलम २४ प्रत्येक पालकाला माहीत असावं. मुलाचा किंवा मुलीचा जबाब घरी किंवा त्यांना सोयीच्या ठिकाणी घेता येतो. जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, आणि त्या वेळी अंगावर वर्दी नसावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव, शाळा, घर उघड करायला कायद्याने मनाई आहे. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे, मागून घ्यावं लागलं तर मागून घ्या. सोबत शिकलेली एखादी फुफी, खाला किंवा शाळेतली शिक्षिका असली तर बोलणं सोपं जातं. आणखी एक. लैंगिक स्वरूपाचा प्रकार मुलाबाबत घडल्याचं कळलं तर तो पोलिसांना कळवणं ही कायद्याने जबाबदारी आहे. "घरातल्या घरात मिटवलं" हे उत्तर तिथे चालत नाही, शाळेचंही नाही आणि पालकांचंही नाही.

आमच्या ओळखीतल्या दोन मुलींचं सांगतो. दोघी वेगवेगळ्या गावांतल्या, दोघींवर साधारण सारखाच प्रसंग आला. चेहरा जोडून बनवलेला फोटो, आणि "भेटायला ये, नाहीतर टाकतो" अशी धमकी. पहिलीच्या भावाला बाहेरून कळलं. फोन फोडला गेला, दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद, सहा महिन्यांत साखरपुडा. फोटो मात्र फिरतच राहिला, कारण ज्याच्याकडे तो होता त्याला कोणी हातच लावला नाही. फोन फोडल्यामुळे पुरावाही गेला. दुसरीने अम्मीला सांगितलं नाही, खालाला सांगितलं. खाला अंगणवाडीत काम करणारी. तिने आधी मुलीला जेवायला वाढलं, मग स्क्रीनशॉट घेतले, आणि मुलीच्या वडिलांना एवढंच म्हणाली, "भाईजान, आता तुम्ही ओरडलात तर ही पुढच्या वेळी मलाही सांगणार नाही." वडील दोन दिवस मुलीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तक्रार द्यायला गेले. धमकी देणारा शेजारच्याच गल्लीतला निघाला. मुलीने त्या वर्षी दहावीची परीक्षा दिली.

वडिलांना त्या दोन दिवसांत काय वाटलं असेल ते आम्ही समजू शकतो. राग येणारच. पण तो राग मुलीवर निघाला की धमकी देणाऱ्याचं काम आपणच पुरं करतो.

म्हणून फोन हातात देताना, काही घडण्याआधीच, मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं: "काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मी तुझी शाळा बंद करणार नाही, तुला मारणार नाही. आपण मिळून पाहू." हे एकदा बोलून पुरत नाही. आणि बोलल्यावर पाळावं लागतं, तेही छोट्या गोष्टींत. मुलाने सांगितलं की गेमच्या नादात दोनशे रुपये गेले, आणि आपण त्यावर घर डोक्यावर घेतलं, तर वीस हजारांचं तो कधीच सांगणार नाही. अब्बांना सांगायला धीर होत नसेल तर घरातलं किंवा नात्यातलं दुसरं कोण, ते नावही मुलानेच आधी निवडावं. मामू, आपा, दादी, कोणीही.

दुसरा धोका वेगळ्या जातीचा आहे, आणि आपल्या समाजाच्या मुलांसाठी तो जास्त नाजूक आहे. स्टेटस, कमेंट आणि फॉरवर्ड.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे या प्रकरणामुळेच कायद्याची एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठेवलेल्या स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला. त्यात कलम ३७० रद्द करण्यावर टीका होती आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा होत्या. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला आणि सरकारी निर्णयावर टीका करणं, दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं हा गुन्हा होत नाही असं सांगितलं.

दोन्ही प्रकरणांत शेवट न्यायाने झाला. पण पहिल्यात सव्वादोन वर्षांहून जास्त काळ गेला आणि दुसऱ्यात दीड वर्षाहून जास्त. प्राध्यापक दिल्लीपर्यंत लढले. बारावीतला मुलगा, वडील रिक्षा चालवणारे, तो कुठवर लढणार? आमचं म्हणणं असं नाही की मुलांनी तोंड शिवून बसावं. मत मांडणं हा त्यांचा हक्क आहे आणि तो कसा वापरायचा हे आम्हीच नागरिकशास्त्रात शिकवतो. पण मत आणि चिथावणी यांतला फरक त्यांना कळला पाहिजे. दोन समाजांत वैर पसरवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्यासाठी कलम २९९ आहे. आणि कायदा येईपर्यंत जमाव येतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं असं मुलांना वाटतं. स्क्रीनशॉट जात नाही.

मुलांना आम्ही सांगतो ते थोडक्यात. कोणी आपल्या धर्माविषयी, आपल्या नबींविषयी घाणेरडं लिहिलं तर कमेंटमध्ये उत्तर देऊ नका. बरेचदा ते तुमचं उत्तर मिळवण्यासाठीच लिहिलेलं असतं. तुमचं उत्तर कापून, पुढचं-मागचं गाळून गावभर फिरतं. स्क्रीनशॉट घ्या, रिपोर्ट करा, घरात दाखवा. मित्राच्या फोनवर आपलं अकाउंट उघडं ठेवून येऊ नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा, व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसतो का ते पाहा. तुमच्या नावाने दुसऱ्याने काही टाकलं तर त्याच तासाला तक्रार करा, उद्यावर ढकलू नका. तुमच्या तक्रारीची वेळ हाच तुमचा पहिला बचाव.

फॉरवर्डच्या बाबतीत तर आपल्याकडे सूरह हुजुरातची सहावी आयत आहे. खबर आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नेमकं हेच झालं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात भारतात आणली. मेसेजवर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली की तो कोणाचाही अनुभव नसतो, हाताहातातून आलेला असतो. मोहल्ल्याच्या ग्रुपचे अॅडमिन विचारतात, कोणी काही टाकलं तर आम्ही अडकू का? सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, दोघांचा मिळून तसा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. तरीही अॅडमिनने भडक पोस्ट लगेच काढावी, त्यात कमीपणा नाही.

सेटिंगविषयी फार लिहीत नाही, ती बदलत राहतात. अकाउंट प्रायव्हेट हवं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, तिथे 'माझे संपर्क' निवडा. स्नॅपचॅटच्या नकाशावर आपली जागा दिसत असेल तर ती बंद करा. इन्स्टाग्रामने अल्पवयीनांसाठी वेगळी 'टीन अकाउंट' आणली आहेत. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला ते बंधन सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण मुलाने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. बहुतेकांनी ते खोटंच टाकलेलं असतं. आज संध्याकाळी मुलाबरोबर बसून ते तेवढं तपासा.

एक अडचण खास आपल्या घरांची. फोन बरेचदा एकट्याचा नसतो. अम्मी, मोठी बहीण आणि नववीतला भाऊ एकच फोन वापरतात. म्हणजे बहिणीचे घरातले, ओढणीशिवायचे फोटोही त्याच गॅलरीत असतात, आणि भाऊ तोच फोन घेऊन मित्रांत बसतो, गेम डाऊनलोड करतो, प्रत्येक अॅपला गॅलरीची परवानगी देतो. अशा फोनवर फोटो लॉक केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. दुरुस्तीला देताना किंवा विकताना आधी फॅक्टरी रीसेट करा, नुसते डिलीट केलेले फोटो परत काढता येतात.

पालक विचारतात, मुलाचा फोन आम्ही तपासावा का? बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा तपासावा, त्याला सांगून, त्याच्यासमोर. सतरा वर्षांच्या मुलीचा फोन ती झोपल्यावर उघडणं ही मात्र हेरगिरी झाली. त्याच सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करू नका असंही आहे. ते वाचून जे वडील "बापाला हे लागू नाही" म्हणतात, त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. फक्त एवढं विचारतो की तिने दुसरं अकाउंट काढलं तर तुम्हाला कसं कळणार? त्यापेक्षा रात्री दहानंतर घरातले सगळे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागावेत. सगळे म्हणजे अब्बांचाही.

शेवटी, पालकसभेत दर वेळी येणारा प्रश्न: "आमच्या मुलाने पैसे देऊन टाकले, चॅटही पुसली, आता दोन आठवडे झाले. काही उपयोग आहे का?" आहे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये किंवा यूपीआय अॅपच्या इतिहासात त्या व्यवहाराचा नंबर असतो, तो काढा. इन्स्टाग्रामवर समोरच्याने चॅट पुसली नसेल तर ती त्याच्याकडे शिल्लक असते, कंपनीकडून माहिती मागवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. मित्रांपैकी कोणाला त्याच नावाने रिक्वेस्ट आली होती का ते विचारा, त्यांच्याकडे ते अकाउंट अजून दिसेल. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. पोर्टलवर नावाने तक्रार केलीत तर मिळणारा पोच क्रमांक वहीत लिहून ठेवा. आणि तिथे जाताना मुलाला बरोबर घ्या. घडलं काय ते त्यालाच सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा.